चुन्याखालचा डोळा

किल्ली वीतभर लांब. रेबेका ती एप्रनच्या खिशात ठेवते,
सुतळीचा गुंडा आणि एका सुरकुतल्या सफरचंदासोबत.
दार ढकलायचं नाही, म्हणते, उचलायचं.
बिजागरी थकली आहे.

ट्रान्सिल्व्हेनियाच्या टेकड्यांतलं हे देऊळ:
आत क्रूस नाही, मूर्ती नाही, मेणबत्तीही नाही.
पांढऱ्या भिंती, आणि डोक्यावर
फरच्या लाकडाचं छत, साठ चौकटींचं,
दर चौकटीत निराळं काही. ट्यूलिप, डाळिंब,
कुणी न पाहिलेलं एक निळं फूल,
आपल्याच छातीत चोच खुपसलेला पेलिकन.
सुतार आंब्रुश दुष्काळाच्या साली आला;
मजुरी म्हणून सातूची पोती, तीही भिजकी.
एकोणसाठावी रंगवून तो खाली उतरला,
जेवायला म्हणून गेला, तो गेलाच.
साठावी अजून कोरी.
पाद्री आले नि गेले, प्रत्येकाने ती भरायचं ठरवलं.
राहू दे की, रेबेका म्हणते,
छत गळू लागलं की आधी तिथेच कळतं.

बायका उत्तरेला, पुरुष दक्षिणेला,
लग्नाच्या मुली पुढे, आणि अगदी मागे
ज्यांचं कुणी लढाईवरून परतलं नाही त्या.
तो बाक आता सर्वांत मोकळा.

भिंती मात्र त्याहून जुन्या, संतांच्या काळातल्या.
नव्या मताचे लोक आले, चुना कालवला,
आठवड्याभरात सगळे संत पांढरे.
दर ईस्टरआधी गाव पुन्हा हात फिरवतं.
थरावर थर. एका हिवाळ्यात
खपली सुटली आणि खिडकीशेजारी
एक डोळा उघडला.
तपकिरी, किंचित तिरळा.
कुणाचा, ते सांगायला कुणी उरलं नाही.
रेबेकाचा कुंचला तिथवर येतो
आणि वळसा घालून पुढे जातो.
पाद्र्याला तिने सांगून ठेवलंय:
तिथे ओल आहे, चुना धरत नाही.

मनोऱ्यात घंटा दोन होत्या.
थोरली पहिल्या महायुद्धात तोफांसाठी नेली,
बैलगाडीतून, गळ्यात फुलं बांधून.
तिच्या दोराचं भोक फळीत अजून आहे.
रेबेकाचा नवरा डेनेश धाकटी वाजवतो:
एकदा ओढतो, मग थांबतो,
थोरलीचा टोल जेवढा वेळ घेई तेवढं,
मगच पुन्हा ओढतो.
त्याने थोरली कधी ऐकली नाही.
त्याच्या बापानेही नाही.

किती थांबायचं, कळतं कसं?
मी विचारलं.
चुकलं, तो म्हणाला,
तर म्हाताऱ्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात.