सात मायक्रॉन

उद्यमबागेत, तिसऱ्या शेडमध्ये, खिडकीजवळचं टेबल माझं.
दिवसाला अकराशे पिना जातात या बोटांखालून.
गेजचा काटा तीनच्या आत थांबला तर निळा ट्रे,
दहाच्या आत थांबला तर पिवळा,
त्यापुढं भंगार.
निळ्यातल्या महागड्या गाडीच्या पोटात जातात.
पिवळ्यातल्या जातात त्या गाडीत
जी पोस्टमन चालवतो, दूधवाला चालवतो, माझा दीर चालवतो.
पोलाद एकच, भट्टी एकच,
शिव्या घालणारा सुपरवायझर बसलिंग, तोही एकच.
मध्ये सात मायक्रॉन.
माणसाचा केस सत्तर असतो.

दसऱ्याला पुतण्यानं, सुजितनं, ती गाडी आणली.
झेंडू, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू.
आमची अनगोळची गल्ली उंबऱ्याबाहेर आली.
"केवढ्याला पडली रे?"
आकडा ऐकून निंगव्वानं कन्नडमधून देवाचं नाव घेतलं
आणि मराठीतून विचारलं, "मायलेज किती देतंय?"
तीस, म्हणाला.
"माझी पासष्ट देती की," दीर म्हणाला,
आणि आपल्या गाडीच्या फाटक्या सीटवर थाप मारली
बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

त्या रात्री जॉब कार्डाच्या पाठीवर मी गणित मांडलं.
दोन्ही गाड्यांतला फरक एक लाख नव्वद हजार.
भागिले सात.
एका मायक्रॉनला सत्तावीस हजार एकशे बेचाळीस रुपये,
वर काही पैसे, ते मी सोडून दिले.

पुढं थंडीत ती गाडी पंधरा दिवस शोरूममध्ये पडून होती,
कुठल्याशा सेन्सरची वाट बघत.
त्याच आठवड्यात दिराची क्लचची केबल जांबोटीत तुटली.
सायकलवाल्यानं तार पिळून बांधून दिली,
चाळीस रुपये, चहासकट.
मी कुणाला काही बोलले नाही.
भाकरी थापताना मात्र हात जोरात पडत होता.

भरमा, माझा नवरा, फेटलिंगला आहे.
एकोणीस वर्षं हँड ग्राइंडर.
गारठ्यात त्याच्या बोटांची टोकं खडूसारखी पांढरी होतात,
सकाळी शर्टाची बटणं मी लावते.
भावाच्या गाडीवरनं मुचंडीपर्यंत गेला
तरी उतरल्यावर हात मांडीवर आपटत बसतो.
"मुंग्या," म्हणतो. "ग्राइंडरच धरल्यागत वाटतंय बघ."

एका रविवारी सुजित म्हणाला, "काका, आज तू चालव."
कणकुंबीवरून चोर्ल्यापर्यंत गेले दोघं.
मी दारात उभी, मनात पेट्रोलचा हिशेब.

दिवेलागणीला आले.
भरमा वेगाबद्दल बोलला नाही, घाटाबद्दल नाही.
माझ्यासमोर दोन्ही हात धरले,
जेवायच्या आधी पोर धुतलेले हात दाखवतं तसे.
"बघ," म्हणाला. "काय नाही.
येताना सबंध मीच धरलोय हँडल. काय नाही."
बोटं बोटांच्या रंगाची होती.

मला सांगता आलं असतं,
मुठींच्या टोकाला वजनं असतात, इंजिनात बॅलन्सर असतो,
यात माझ्या पिनेचा वाटा किती ते देव जाणे,
आणि आज ऊनही बरं होतं.
"महाग आहे," एवढंच म्हणाले.
"हाय की," तो म्हणाला. "लई महाग."
आणि उभाच राहिला,
गाडीकडं नाही, हातांकडं बघत.

आम्ही घेणार नाही. तो विषयही निघाला नाही.
दिराच्या गाडीला साडेतीनशेच्या जाड मुठी बसवल्या,
थोडा फरक पडला. थोडा.

सोमवारी एक पीन आली, काटा तीन आणि चारच्या मध्ये.
पुसली, परत लावली. तेच.
नियमानं पिवळा ट्रे.
टाकायच्या आधी जरा वेळ ती बोटांत फिरवत बसले.
गुळगुळीत होती.
माझ्या हाताला तरी काही कळलं नाही.