कमोड

लग्न ठरल्यावर सासूबाईंनी लँकेस्टरला फोन केला,
वडील तेव्हा एका टेबलाला पॉलिश चढवत होते.
ओडेसाबाई म्हणाल्या, जरूर या, पण आधीच सांगते,
पाहुण्यांच्या खोलीतला कमोड गळतो.
वडिलांनी बोळा खाली ठेवला.
म्हणाले, बाई, कमोड गळत नसतो.
फार तर त्याचा खण अडकतो.

त्यांच्या लेखी कमोड म्हणजे
अक्रोडाचं, पोटाशी फुगलेलं, तीन खणांचं कपाट,
पितळी कड्या, माथ्यावर संगमरवर,
आणि पाय असे, की वाटावं
हे आत्ता चवड्यांवर खोलीबाहेर निघालंय.
असे अकरा त्यांनी हयातीत दुरुस्त केले.
एकही घरी आला नाही. जिना अरुंद होता,
पैसेही.

आजोबांचा कमोड वेगळा. ती खुर्ची.
बसायची फळी उचलली की खाली एनॅमलचं भांडं,
भांड्याला निळी कड.
ती घरात होती, पण आई तिचं नाव
चारचौघांत घेत नसे.

आणि इथे, अलाबामात, युफॉलाला,
कमोड म्हणजे जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं
पांढरं चिनीमातीचं ते.
दुकानातला टेरेल सरळ विचारतो,
गोल हवा का लांबट?
वडिलांना हसू आवरेना. लांबट कमोड!
टेरेलला कळेना म्हातारा का हसतोय.

शब्द मुळात फ्रेंच. अर्थ एवढाच: सोयीचा.
कोणाची सोय, कसली, किती वाजता,
शब्द बोलला नाही,
म्हणून ज्याने त्याने त्याला
आपापल्या खोलीत नेऊन ठेवलं.

आई गेल्यावर वडील आमच्याकडे आले.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी खुबा मोडला.
दवाखान्याच्या यादीत, वॉकरच्या खाली: कमोड, नग एक.
कोणता येणार, मी म्हटलं मनात.
आली ती ॲल्युमिनियमची खुर्ची,
खाली प्लॅस्टिकची बादली, पायांना रबरी बुचं.
वडिलांनी पडल्या पडल्या तिच्यावर टिचकी मारली.
सांधे शोधले. सांधे नव्हते, स्क्रू होते.
भिंतीकडे तोंड केलं.
दोन दिवस मला आणि नर्सला
त्यांनी हालहाल करून सोडलं, स्वतःचेही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओडेसाबाई आल्या,
वाटाण्याच्या शेंगांचं टोपलं घेऊन.
खोलीत दुसरी खुर्ची होती.
त्या हिच्यावर बसल्या, झाकण लावून,
आणि शेंगा सोलू लागल्या.
एक अक्षर नाही.
चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी
हवामान, टेरेलचा घटस्फोट, चर्चचं गळकं छप्पर.
कधीतरी वडील म्हणाले,
तुमच्या हाताखालचं ते गार लागत असेल.
लागतं की, त्या म्हणाल्या, पण बसायला सोयीचं आहे.

त्या रात्री दोनला त्यांनी मला हाक मारली.
मी उठवलं, बसवलं, पाठ फिरवून उभी राहिले.
काही म्हणाले नाहीत. मीही नाही.

मग पटाशी मागितली. मग पॉलिशपेपर.
ओडेसाबाईंनी अंगणातल्या पेकनची
वादळात पडलेली फांदी सुतारणीत कापून आणवली.
पलंगावर बसून, मांडीवर टॉवेल पसरून,
सहा आठवडे.

वडील गेले ऑक्टोबरात.
भाड्याचं सामान न्यायला कंपनीचा मुलगा आला,
वॉकर उचलला, खुर्चीपाशी थबकला.
हातांच्या जागी पेकनचे दोन हात,
पुढे किंचित वळलेले,
तळव्यांनी आधीच गुळगुळीत झालेले.
त्याने यादी पाहिली, पुन्हा खुर्ची पाहिली.
हा आमचा नाही, म्हणाला. आमचा साधा कमोड होता.

ओडेसाबाई तिच्यावर बसूनच होत्या.
हाच तो, त्या म्हणाल्या,
पण नेता येणार नाही तुला. खण अडकलाय.