सावकाश होऊ द्या

डोरीन हेगला 'वैजयंती' झेपत नाही.
ती मला 'वीज' म्हणते.
त्याचा अर्थ तिला ठाऊक नाही,
तरी मंगळवारी ड्रिल घेऊन माझ्याच दारात उभी:
'तुला जमेल, वीज. रॉयचं आहे.'

हडर्सफील्ड. चढावरची काळ्या दगडाची घरं,
भिंतीला भिंत,
एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू येतो.
दुपारी चारलाच अंधार.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बॅटरी उघडली.
चार स्क्रू. पाचवा लेबलाखाली लपलेला.
आत चार सेल, गुलाबी सालीतले,
एकाचं धन पुढच्याच्या ऋणाला जोडलेलं.
एकसर जोडणी.
नलावडे बाई म्हणायच्या, मुलींनो, पंगत समजा.
वाढपी एकच, सगळ्यांच्या पानात तेवढंच पडतं,
भूक वेगळी असली तरी.

मीटर लावला.
३.३१
३.३०
३.३१
आणि चौथा ०.९०,
उपाशी राहून राहून
आता अन्न सोसणार नाही असा.
त्याला भरू नये. आतल्या आत सुया वाढतात म्हणे,
आणि एखाद्या रात्री घर जागं होतं.
दोन्ही टोकांना टेप लावून बाजूला ठेवला.

मग लक्षात आलं.
खोक्यावर पेन्सिलीने तारीख आहे, ११ मार्च,
रॉयच्या तिरक्या अक्षरात.
जूनमध्ये तो गेला.
म्हणजे हे ३.३१ त्याने भरलेलं.
त्याच्या मागे उरलेल्यातलं
एवढंच अजून खर्च व्हायचं आहे.
डोरीनला मी हे सांगितलं नाही.

चौथ्या जागी नवा सेल.
त्याला आधी थोडा रिकामा केला, ३.३१वर आणला,
सगळ्यांबरोबर पानावर बसावा म्हणून.
(मीही इकडे येताना थोडी रिकामी होऊन आले. असो.)
पण नव्याचं पोट मोठं,
बाकीचे तिघे म्हातारे, दोन घासांत भरणारे,
आणि चार्जरला एकच आकडा कळतो: १६.८.
चौघांची बेरीज.
बेरीज बरोबर येते
आणि आत एक जण फुगत असतो.

माझ्या मावशीच्या लग्नात एका जावयाला
बावीस जिलब्यांचा आग्रह झाला होता.
त्याच्यासाठी रिक्षा बोलवावी लागली.
सेलला आग्रह केला
तर बंब बोलवावा लागतो.

म्हणून पाच बारीक वायरी,
दोन टोकांच्या, तीन सांध्यांच्या,
आणि बोटभर पट्टी, जी
भरलेल्याच्या पानावर आडवा हात धरते,
त्याच्या वाट्याचं जास्तीचं
उष्णता करून सोडून देते.
बोट लावलं, कोमट होती.
मागे राहिलेल्याला जणू म्हणत होती,
सावकाश होऊ द्या.

मातीच्या कुंडीत ठेवून चार्जिंग लावलं.
कणीक मळली. आकडे पाहिले.
पोळ्या झाल्या. आकडे पाहिले.
४.१९, ४.२०, ४.२०.
नवा अजून ४.०८.
डोरीन चहा घेऊन आली, अजून किती वेळ म्हणाली.
शेवटचं पान होईपर्यंत, मी चुकून मराठीत सांगितलं.
तिने मान हलवली आणि खुर्ची ओढली.
दोघी बसलो. काही बोललो नाही.

साडेनऊला चौघे एकदम उठले.

बॅटरी खटकन बसली.
शेल्फ भिंतीला टेकून उभं होतं, खुणाही केलेल्या.
डोरीनने ड्रिल उचललं,
भिंतीकडे नाही, वर धरलं,
आणि घोडा अगदी हलके दाबला.
सावकाश फिरलं ते, कण्हल्यासारखं.
'आधी हवेत,' ती म्हणाली. 'तो नेहमी आधी हवेत फिरवायचा.'
मग थांबवलं. पुरे म्हणाली. उरलेलं राहू दे.

त्यात रॉयचं किती, माझ्या मीटरबिलाचं किती,
आकड्यात दिसत नाही.

शेल्फ अजून जमिनीवर आहे.
खोक्यावर ११ मार्चच्या खाली
मी पेन्सिलीने लिहिलं:
९ डिसेंबर.