तारण

खडकी बाजारामागच्या मैदानात तीन रात्री मांडव होता.
लाल-पांढऱ्या कनाती, भाड्याच्या खुर्च्या,
मधूनच किंचाळणारा माइक.
आणि तिसऱ्या रात्री, काय झालं कुणास ठाऊक,
आमची निवांत मंडळी,
रविवारी घड्याळाकडे बघत गाणारी,
रडू लागली.
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले गोर्डेकाका,
कुणापुढे न वाकलेले,
सतरंजीवर गुडघे टेकून
सख्ख्या भावाची माफी मागत होते.
भाऊ तिथंच होता, मागच्या रांगेत,
सगळे खिसे चाचपत रुमाल शोधत.

मीही रडलो. खोटं कशाला सांगू.

पाळक आढाव म्हणाले, ही आग मांडवात ठेवून जाऊ नका.
प्रत्येकाला पंचवीस पत्रिका मिळाल्या, रबर लावून.

सोमवारी भोसरीच्या बसमध्ये पहिली दिली.
कॉलेजच्या पोरानं तिचा पंखा केला.
उकाडा होताच.
नाशिक फाट्यावर एकानं हात जोडून परत केली.
तिसऱ्यानं विचारलं, किती पैसे देतात रे तुम्हाला?
बाकीच्या डब्याच्या पिशवीत तळाशी गेल्या.
शनिवारपर्यंत त्यांना लोणच्याचं तेल लागलं.

धोंडिराम केंजळे. शेजारचं लेथ मशीन, एकोणीस वर्षं.
माझा व्हर्निअर त्याच्या खणात,
त्याचा जुना चष्मा माझ्या.
एकदा त्यानं विचारलं होतं,
वहिनींचं नाव सुवार्ता, वेगळंच आहे, अर्थ काय?
चांगली बातमी, मी म्हणालो.
कसली?
आणि मी चहाचा ग्लास विसळायला उठलो.

शनिवारी लोणच्यासाठी त्यानं पिशवीत हात घातला
तर हाती पत्रिका आली.
चष्मा कपाळावरून खाली ओढून मोठ्यानं वाचलं:
तारण, विनामूल्य.
"फुकट? कसलं तारण रे, रणपिसे?
पतपेढीवाले बांगड्या ठेवून घेतात
आणि वर जामीनदार मागतात."

मग कळलं. धाकटीच्या किडन्या.
आठवड्यातून दोनदा ससून.
बांगड्या गेल्या, मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा गेल्या.
"आता ठेवायला काही नाही,"
हे तो माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत म्हणाला.

तीन रात्रींची वाक्यं होती माझ्यापाशी,
आगीची, पुराची, तुतारीची.
एक बाहेर येईना.
शेवटी म्हणालो,
शब्द तोच आहे, केंजळे, पण आमच्यात तो उलटा चालतो.
आपण काही ठेवायचं नसतं.
कुणीतरी स्वतःलाच ठेवलंय, आपल्यापायी.

तो बराच वेळ कागदावरचा तेलाचा डाग
अंगठ्यानं पुसत राहिला. डाग पसरला.
"डबा उघडायच्या आधी तू डोळे मिटतोस.
एकोणीस वर्षं बघतोय.
विचारावं म्हटलं, मग म्हटलं सांगेल कधीतरी.
तिथं माझं नाव घेतोस का?"

भोंगा वाजायला हवा होता. नाही वाजला.

"नाही घेतलं," मी म्हणालो.

रागावला असता तर बरं झालं असतं.
त्यानं कानावरची पेन्सिल काढली,
पत्रिका पालथी केली,
काना-मात्रा नीट बघून एक नाव लिहिलं
आणि माझ्या हातात दिली.
"माझं राहू दे. हिचं घे."

रविवारी मैदानात फक्त बांबूंची भोकं होती,
एकात कुत्रं झोपलेलं.
देवळात पुन्हा सगळे घड्याळाकडे बघत गात होते.
साक्ष द्यायला आढावांनी मला उभं केलं.
किती पत्रिका वाटल्या, भाऊ?
एक, मी म्हणालो.
तीही परत आली.
तिच्या पाठीवर एक नाव आहे, ते वाचतो.

"कोण? ऐकू येत नाही," गोर्डेकाका पुढून ओरडले.
"मोठ्यानं सांग."

तेजल केंजळे, मी म्हणालो.
आणि त्यांनी कानामागे हात धरलेला पाहून
पुन्हा म्हणालो.