रोखपाल

म्हापशात, आमच्या बँकेच्या जागेत
मेक्सिकन हॉटेल उघडलं.
लेस्टर आमंत्रण द्यायला घरी आला, चौघांच्याही:
"तुमचीच जागा, आंटी. पहिलं टेबल तुमचं."
अकरा वर्षं बोटीवर होता तो,
कोझुमेलच्या धक्क्यावर उतरून जेवायचा.
चव तिथून आणली, कर्ज मात्र
दुसऱ्या बँकेतून. आमची तोवर उरली नव्हती.

शुक्रवार. बाजार उठलेला,
रस्त्यावर केळीची पानं, सुक्या बांगड्यांचा वास.
हेमाक्षी ठेवणीतली साडी नेसून आली.
"ऑडिटला निघालीस काय?" गुरुदास म्हणाला.
कायतान उशिरा आला,
उंबऱ्यात घुटमळला,
चपला काढाव्यात की नाही
असा चेहरा करून.

भिंती आता जर्द पिवळ्या.
मी जिथे चेक वटवत बसायचे तिथे
एक रंगीत कवटी, फुलाफुलांची, हसरी.
"वसुलीचा साहेब दिसतो," हेमाक्षी म्हणाली
आणि आम्ही जरा मोकळे झालो.
कायतान फिरून फिरून बरोबर
दोन नंबरच्या खिडकीपाशी बसला.
खिडकी नव्हती. तरी.

टाको आले. मक्याची पातळ पोळी,
आत बाजारातले चोरिस, वर कच्चा कांदा,
हरमलच्या मिरचीची चटणी.
"ही तर आपली!" गुरुदास.
"मूळची त्यांची, अंकल," लेस्टर म्हणाला,
"पाचशे वर्षं झाली, आपण परत केलेली नाही."
"म्हणजे थकबाकी," हेमाक्षी म्हणाली,
"बुडीत खातं," आणि हसता हसता
तिला ठसका लागला.

कायतान हसला नाही.
तो शब्द त्याच्यासमोर कुणी काढत नाही.
बँक बुडाली तेव्हा आम्ही दारं लावून घरी बसलो,
तो मात्र मासळी आणायला बाजारात जायचा,
आणि रोझालिना बांगडे निवडता निवडता विचारायची,
"माझे पैसे आत अडकलेत, कधी सुटतील?"
रागाने नव्हे. भाव विचारावा तसं.
तो सुटे पैसे परत न घेता निघायचा.
वर्षानुवर्षं.

बार स्ट्राँगरूममध्ये होता.
दार लेस्टरने तसंच ठेवलेलं, शोभेला,
लोखंडी, हिरवं, वीतभर जाड.
साडेआठला कुणा पोराने फोटोसाठी ते ओढून लावलं.
उघडेना.
आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब.
पण टकीला आत, लिंबं आत, बर्फ आत,
बाहेर चाळीस पाहुणे
आणि आशीर्वाद द्यायला आलेले फादर, तहानलेले.
लेस्टर घामाघूम:
"सगळं आत अडकलंय."

कायतानने नॅपकिनची घडी घातली. उठला.
पोरांना बाजूला केलं.
चाकाला हातही न लावता दाराला खांदा दिला,
"आदी वयर उबार, मागीर ओड,"
कुणाला सांगत होता कोण जाणे,
बिजागरीपाशी गुडघा टेकला,
आणि दार उघडलं,
रोज सकाळी पावणेदहाला उघडायचं तसं,
कुरकुरत, पण उघडलं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
तो आत बघत राहिला:
बाटल्या. रांगेत. भरलेल्या.
सगळ्या जागच्या जागी.

पहिली मार्गारिटा त्याला. पैसे नकोत, लेस्टर म्हणाला.
कायतानने ऐकलं नाही.
पेल्याच्या काठावरच्या ओल्या मिठाला
अंगठा लावला, पूर्वी स्पंजला लावायचा तसा,
आणि नोटा मोजल्या. दोनदा.
मग, आमच्याकडे न बघता,
"रोझालिनाचे त्रेसष्ट हजार," म्हणाला,
आणि एक घोट घेतला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
शेवटी मीच विचारलं, कशी आहे?
"खारट," म्हणाला.
"आणखी एक सांग."