पाच चेहरे

प्रश्नावलीच्या चाळीस प्रती, प्रत्येकी तीन पानं.
अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं कोपरे जुळवून
स्टेपल मारले, म्हणाला,
"मॅडम, परीक्षा कुणाची?"
माझीच, म्हटलं.

एम.एड.चं दुसरं वर्ष. पूर्व भागातल्या शाळा,
समावेशन, आणि मुलांचं स्वास्थ्य.
'स्वास्थ्य' वर सर दोन आठवडे अडले.
कल्याण नको, म्हणाले, योजनेचं नाव वाटतं.
मूळ प्रश्नावली कॅनडातली;
बर्फामुळे बुडणाऱ्या शाळेचा प्रश्न गाळला,
उन्हाचा घालायचा राहिला.

एप्रिल. सकाळची शाळा. साडेआठलाच पत्रा तापलेला.
चौथी ब. पंखा मधल्या रांगेपुरता.
घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, फळ्यावर मराठी,
"आणि शिव्या तिन्हीतल्या," बिराजदार बाई सांगतात,
"त्यात कुणी मागे नाही."

प्रश्न अकरावा:
मला वर्गात सगळ्यांचं बोलणं समजतं.
खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
एकाला गोल करा.

नागमणी म्याकलनं गोल केला नाही.
पाचही चेहऱ्यांना कान काढले.

बाई हळू आवाजात म्हणाल्या
(हळू कशाला, कुणास ठाऊक),
"तिला ऐकू येत नाही. यंत्र आहे, बॅटरी संपलीय जानेवारीत.
तिच्याकडे तोंड करून बोलायचं
म्हणून मी उलट्या हातानं फळा लिहिते,
बघा कसं अक्षर झालंय."
मी रकाना भरला. श्रवणदोष: तीव्र. सहभाग: अल्प.

साधन क्रमांक तीन, घरभेट.
खाली चार माग, वर माळ्यावर संसार.
मागांचा खडखडाट असा, की मी माझं नाव सांगितलं
आणि मलाच ऐकू आलं नाही.
ओरडले. तिची आई माझ्या ओठांकडे बघत होती.
तिनं उत्तर दिलं, आवाज न काढता,
ओठ मोठे करून, दोन बोटं हवेत फिरवून.
पलीकडच्या मागावरून बापानं काहीतरी विचारलं,
भावानं भुवईनं उत्तर दिलं,
कांड्या भरणारी काकू त्यावर खो खो हसली,
म्हणजे हसली असावी, खांदे हलत होते.
नागमणीनं त्यात भर टाकली
आणि सगळं घर पुन्हा हललं.
तुटलेला धागा, उद्याचा पगार, टॉवेलची किनार,
पाहुणीची चेष्टा,
सगळं चाललं होतं त्या आवाजाच्या खालून.

चौथ्या मागाशी मी उभी, पदव्युत्तर,
सहभाग अल्प.

मग तिनं माझी हनुवटी धरली,
तोंड आपल्याकडे वळवलं
आणि हळूहळू, बाई तिच्याशी बोलतात तशी,
ओठांनी म्हणाली: च-हा.
मला कळलं नाही.
पुन्हा म्हणाली. न रागावता.
तिसऱ्यांदा कळलं.

निघताना आईनं डाव्या कानाला हात लावून
बोटं उघडली, रिकामी. गेला.
एखादं डूल हरवावं तसं सांगितलं.
हे मात्र मला पहिल्याच फेरीत समजलं
आणि रकान्यात कुठंच बसलं नाही.

संशोधकाने नमुन्यात हस्तक्षेप करू नये,
पान बारा.
मी सहाशे पंच्याहत्तर नंबरच्या बॅटऱ्यांचं पाकीट घेतलं.

सोमवारी तिनं यंत्र लावलं.
घंटा झाली. दचकली. मग बिराजदार बाईंचा आवाज
पहिल्यांदाच नीट ऐकला असावा,
कारण शेजारणीला म्हणाली, मोठ्यानं,
"बाई नाकातून बोलतात."
वर्ग फुटला. बाईंनी पाठ केली,
हसू लपवायला, आणि निदान त्या दिवशी
सरळ हातानं लिहिलं.
घरी जाताना तिनं यंत्र काढून
कंपासपेटीत ठेवलं. तिकडे नको, म्हणाली ओठांनीच.

सर म्हणतात, एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही.
बरोबर आहे.
सॉफ्टवेअरमध्येही कानांना अंक नाही,
न दिलेल्या उत्तराला नऊ टाकतात.
मी नऊ टाकला. खोडला. परत टाकला.

ते पान परिशिष्ट ड मध्ये आहे.
सरांनी अजून तिथवर वाचलेलं नाही.