आखूड

ज्या रायफलींचे कारखाने केव्हाच बंद पडले
त्यांचे सुटे भाग मी घडवते.
खटक्याची स्प्रिंग, काडतूस ओढणारा आकडा,
एखादा स्क्रू, ज्याचे आटे
आता कुठल्याच तक्त्यात सापडत नाहीत.
रेन्डालेनच्या थंडीत लेथ मशीनला आधी
दिवा लावून ऊब द्यावी लागते,
मग ते कुरकुरत उठतं.

सप्टेंबर संपता संपता गुनवोर आली.
घोंगडीत गुंडाळलेली बापाची क्राग रायफल.
दस्त्यावर त्यानं चाकूनं कोरलेल्या चौदा रेघा,
चौदा मूस,
आणि एक अर्धवट रेघ, जिच्याबद्दल तो कधी बोलला नाही.

"फायरिंग पिन हवीय."
मी जुनी काढून पाहिली. धडधाकट होती.
"चांगली आहे की."
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
"आखूड हवी. बसेल, पण पोचणार नाही, अशी.
परवा त्यानं पोस्टमनवर नेम धरला.
आणि काढून घेतली तर दिवसभर
रिकाम्या खुंटीपुढे उभा राहतो."

हाल्वारनंच मला कानस धरायला शिकवलं.
याच बाकावर, मी चौदाची असताना.
पुढे जाताना दाब, मागे येताना उचल.
"दोन्हीकडून घासू नकोस पोरी,
ते पोलादालाही सोसत नाही."
केसभर चुकलं की तुकडा भंगाराच्या डब्यात.
त्या डब्याचा आवाज अजून कानात आहे.

आता मला चुकायचं होतं.
मोजून, दोन मिलिमीटर.
मी ती पिन तीनदा केली.
पहिल्या दोन बरोबर झाल्या.
हात ऐकेना.

तिसरीचं टोक गोल, आरशासारखं,
पाणी असं दिलेलं की गव्हाळ रंग चढला.
इतकी सुबक चूक मी जन्मात केली नव्हती.

शनिवारी न्यायला तो स्वतः आला,
मुलीच्या दंडाला धरून.
मला ओळखलं नाही. रायफल ओळखली.
बोल्ट ओढला, नळी देवदारांकडे केली,
घोडा दाबला.
खट्.
मान तिरकी करून ऐकलं.
पुन्हा बोल्ट, पुन्हा खट्.

"कुणी केली?"
"मी."
"आखूड आहे."
गुनवोरचा श्वास अडकला.
मी म्हणाले, "हो."

तो बराच वेळ माझ्या नखांतलं
काळं वंगण बघत होता.
मग बाकावरची कानस उचलून
मूठ माझ्याकडे करून, मला दिली.
"टोक छान उतरलंय," म्हणाला.
"भंगारात नको टाकूस."

रायफल खांद्याला अडकवून निघाला,
पाय जपून टाकत, वाळकी काडीसुद्धा मोडू न देता,
गाडीपर्यंतचं अंगणच जंगल असल्यासारखं.

बरोबर झालेल्या दोन पिना माझ्या खणात आहेत.
त्यांच्यावर नाव लिहायचं राहिलंय.